उपरण्याखालचा ठराव

जिच्यावर अन्याय झाला ती अमरावतीच्या परकोटाबाहेर राहणारी एक पिंजारीण. कधी झाला तेही सांगतो, म्हणजे पुढे कोणी ‘झाला असेल कधीतरी’ म्हणायला नको. अमेरिकेतली लढाई ऐन भरात होती, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता आणि आगगाडीचे रूळ अकोल्याकडे सरकत होते, त्या हंगामात, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या सोमवारी, कापसाच्या बाजारात, सूर्य डोक्यावर यायला घटकाभर अवकाश असताना. बाजार माणसांनी भरलेला होता. कोणी काही ऐकले नाही, कारण ऐकण्यासारखे काही बोललेच गेले नाही. तिच्यावर आरोप झाला तो एका अंगठ्याने.

रीत माहीत नसलेल्यासाठी रीत सांगतो. आमच्याकडे विकणाऱ्याचा दलाल आणि घेणारा समोरासमोर बसतात. दोघांच्या हातांवर एक उपरणे पडते आणि त्याखाली बोटांनी भाव ठरतो. किती बोटे धरली, कुठे धरली, पंजा धरला की नुसती पेरे, त्यावर आकडा. तोंडाने दोघे पावसापाण्याचे बोलत असतात, किंवा कोणाच्या मुलीचे लग्न कुठे जमले ते. ज्याचा माल त्याला भाव शेवटी कळतो, आणि शेजारच्याला कधीच कळत नाही. मालाची खोडही बोटानेच सांगायची. तळहातावर अंगठा दोनदा दाबला की समजायचे, माल ओला आहे, वजन वाढवायला पाणी मारलेले आहे. असा दाबलेला अंगठा कोणाला दिसत नाही, पण दिवस मावळायच्या आत तो सगळ्या बाजाराला ठाऊक होतो.

या रीतीत बाईमाणसाला जागा नाही. परपुरुषाच्या हातात उपरण्याखाली हात कोणती बाई देईल, आणि कोणता पुरुष घेईल? म्हणून बाईने दलाल धरायचा. पिंजारणीचा नवरा होता तोवर हात त्याचा होता. तो गेला आणि त्याच्या जागी एक दलाल आला, नवऱ्याच्या ओळखीचाच, कानात भिकबाळी घालणारा, गोड बोलणारा. नवरा जाताना अंगणात नऊ रेचे सोडून गेला होता. रेचा म्हणजे लाकडी दोन लाटांचे यंत्र. एका बाजूने कापूस घालायचा, दुसऱ्या बाजूने रुई येते आणि सरकी अलीकडेच गळते. नऊ रेच्यांवर नऊ बायका बसत. सगळा बाजार तिला चाची म्हणे, मीही चाचीच म्हणतो. माहेर बाळापूरचे. तिच्या रुईत सरकीचा तुकडा सापडत नसे, पानाचा चुरा सापडत नसे. त्या हंगामात हे सोपे नव्हते. कापसाला असा भाव आला होता की लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला आणि जमिनीवर निजले. पाठ धरली म्हणून वैद्याकडे गेले, तर वैद्याने आपली गादी आदल्याच आठवड्यात विकलेली. अशा दिवसांत जो तो धूळ, सरकी, पाणी, जे हाताला येईल ते बोज्यात भरत होता. चाची भरत नव्हती. त्या स्वच्छपणाखेरीज तिच्याजवळ विकण्यासारखी दुसरी गोष्ट नव्हती.

शनिवारी तिच्या दहा बोज्यांचा सौदा मुंबईच्या एका पेढीच्या माणसाशी ठरला. सोमवारी माल द्यायचा. रविवारी त्या माणसाला मुंबईहून निरोप आला की भाव उतरला, म्हणजे ठरलेल्या भावात त्याला आता तोटा होता. हे मी सिद्ध करू शकत नाही. उपरण्याखाली साक्षीदार बसत नाहीत. सोमवारी दलाल आणि तो माणूस पुन्हा बसले, उपरणे पडले, थोडा वेळ थंडीबद्दल बोलणे झाले. चाची चार हातांवर बैलाचा कासरा धरून उभी होती. दलाल उठला, उपरणे झटकून खांद्यावर टाकले आणि तिला म्हणाला, माल घरी ने. तिने कारण विचारले. तो म्हणाला, नेऊन टाक. त्या दिवशी तिला उद्देशून बोलले गेलेले शब्द एवढेच.

दुसऱ्या दिवशी, अंगठ्याची गोष्ट बाजारभर झाल्यावर, तिने तीन दलालांकडे माणूस पाठवला. तिघांनाही एकदम काम निघाले होते.

मी तेव्हा कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देई. त्याआधी दोन वर्षे मुंबईला एका शिळाछापखान्यात पत्रके लिहीत होतो; अन्याय चार ओळींत कसा सांगावा आणि पाचव्या ओळीत वाचणाऱ्याला कसे हलवावे, हे तिथे शिकलो. चाची बुरखा आवरून समोर बसली. मी विचारले, तक्रार कोणाविरुद्ध?

“थेच त सांगता येत नाई, मास्तर,” ती म्हणाली. “मले कोनी चोर म्हटलं असतं त मी भांडली असती. मले कोनी काही म्हटलंच नाई.”

मी अर्ज लिहिला आणि कचेरीत नेला. तिथल्या कारकुनाने तो वाचला, सभ्यपणे वाचला, आणि विचारले की आरोप कोणी केला ते इथे लिहा, कोणत्या शब्दांत केला ते इथे लिहा. दोन्ही रकाने रिकामे राहिले. रिकाम्या रकान्यांचा अर्ज घेत नाहीत. पिंजाऱ्यांच्या पंचांकडे गेलो. ते म्हणाले, दलाल आमच्या जातीचा असता तर आजच बोलावला असता. दलालाच्या जातीच्या पंचांकडे गेलो. ते म्हणाले, बाई आमच्या जातीची असती तर आजच ऐकून घेतले असते. दोन्हीकडे मला सुपारी दिली.

मग मी म्हटले, दुसरा दलाल मिळत नाही तर मीच तिच्यासाठी हात घालतो. बाजारात जाऊन बसलो, उपरण्याखाली हात घातला. बाहेर काढला तेव्हा मला सांगण्यात आले की मी चार पोती सरकी विकत घेतली आहे. ती पुढे एका बारदानवाल्याच्या बैलांनी खाल्ली.

तेव्हा मला आठवले, मुंबईत साहेब सौदागरांची एक सभा असते. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारेच लोक, पण महिन्यातून एकदा एका मेजाभोवती बसतात. वजन कोणते खरे, माल कोणता चांगला म्हणायचा, भांडण झाले तर कोणी ऐकायचे, हे ठरवतात आणि लिहून ठेवतात. कचेरी नाही, जातही नाही, तिसरेच काही. मला वाटले, अमरावतीला हेच पाहिजे. जिथे पिंजारीण आणि दलाल एकाच ठिकाणी उत्तर द्यायला बांधलेले असतील असे ठिकाण.

मी दुकानोदुकानी हिंडलो. अन्यायाची गोष्ट सांगितली, अगदी मनापासून सांगितली. सगळ्यांनी च्च् च्च् केले आणि आपापल्या कामाला लागले. फक्त तोच बारदानवाला, म्हणजे पोती आणि सुतळी विकणारा एक जाडजूड गृहस्थ, माझे पूर्ण ऐकून म्हणाला, “बरं. पन तुमच्या सभेनं मले काय भेटन?”

मी म्हणालो, न्याय.

“थो माह्या दुकानात कोनी मागत नाई,” तो म्हणाला. “दुसरं काय हाये?”

मला राग आला. आज कबूल करतो की प्रश्न बरोबर होता.

त्याच सुमारास कानावर आले की अकोल्याच्या व्यापाऱ्यांनी आधीच एकी केली आहे. कापसाच्या गाड्यांबरोबर मी अकोल्याला गेलो. तीन दिवस धूळ खाल्ली. तिथे एकी पाहायला मागितली तर मला एक विहीर दाखवली. नवी बांधलेली, काठावर कडुलिंब, लिंबाखाली एक मोठा तराजू आणि दगडी मापे. त्या एकीचा पुढारी तेलाचा व्यापारी होता. तो काठावर बसून मला म्हणाला, “आमी सभा-बिभा काही केली नाई बाप्पा. गाडीवान पानी नाई म्हनून दुसऱ्या गावाले जाऊन राहिले होते, म्हनून इहीर खोदली. मंग तिचा खर्च वाटून घ्याले बसलो. एकदा बसलो त उठनंच होईना.”

ते खरेच होते. विहिरीसाठी बसले, तेव्हा कोणीतरी म्हणाले की गाड्या थांबतातच तर वजनही इथेच करा, म्हणजे प्रत्येकाच्या वखारीत वेगळा शेर नको. तराजू आला. तराजूजवळ गाडीवान मुंबईचा भाव विचारू लागले, म्हणून ज्याला आधी कळेल त्याने तो लिंबाच्या बुंध्याला टांगलेल्या फळीवर लिहायचा असे ठरले. भांडण झाले की दोघांना काठावर बसवत. तेलवाला म्हणाला, पोहरा ओढता ओढता माणूस खरे बोलतो, हात गुंतलेले असतात. मी विचारले, मग सौदा? सौदाही तोंडानेच करता का?

“सौदा?” त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याला चारचौघांत धोतर सोडायला सांगितले. “सौदा उपरन्याखालीच. थे येगळं.”

अकोल्यातच एका शिळाप्रेसवर मी पत्रक छापून घेतले. मुंबईला शिकलेले बरेचसे मी त्यात बाजूला ठेवले. सर्वांत वर पाणी, म्हणजे बाजारात गाड्यांसाठी विहीर. खाली तराजू, एकच शेर, पंधरा दिवसांनी सर्वांसमक्ष पडताळायचा. मग मुंबईचा भाव, रोज सकाळी भिंतीवर, मोठ्याला आणि लहानाला एकाच वेळी. मग अमरावतीपर्यंत रेल्वेचा फाटा यावा म्हणून रेल्वेच्या साहेबाला सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज, कारण आजवर वेगवेगळे अर्ज गेले होते आणि त्यांतल्या प्रत्येकात दुसऱ्याच्या वखारीजवळ स्टेशन नको असे होते. आणि शेवटी, बारीक अक्षरात: सौद्याचा भाव तोंडाने सांगावा, आणि व्यापारातल्या तक्रारीची सुनावणी सर्वांदेखत व्हावी. बारीक अक्षराची मला लाज वाटली. पण पत्रक वाचले गेले. बारदानवाल्याने ते दुकानात डकवले. पाणी असेल तर गाड्या थांबतील, गाड्या थांबतील तर पोती खपतील, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

पौषात धर्मशाळेत बैठक झाली. वीस-बावीस व्यापारी आले. चाचीला आत बसवण्यावरून कुजबुज झाली, म्हणून ती ओट्याच्या पायरीवर बसली. मधे बसले ते शेठजी, गावातले सर्वांत मोठे आणि सर्वांत म्हातारे व्यापारी; ते मधे बसले की मधे कोणी बसावे यावर वाद होत नसे. पाण्याचा ठराव झाला. तराजूचा झाला, त्यावर मात्र दोघे-तिघे उगाच खोकले. भावाच्या भिंतीला शेठजींनी स्वतःची भिंत दिली. रेल्वेच्या अर्जावर सह्या झाल्या. स्टेशन कुठे हवे ते लिहायचे नाही असे ठरले. दोन घटकांत एवढे काम मी मुंबईतही पाहिले नव्हते. मी मनात म्हटले, ही माणसे वाईट नाहीत, यांना फक्त कोणी एकत्र बसवले नव्हते.

मग मी शेवटचे बारीक अक्षर वाचले.

मी मुंबईची पद्धत सांगितली, ज्याला मान्य असेल त्याने हात वर करावा. एकही हात वर गेला नाही. बारदानवाल्याचा गेला, तो कान खाजवायला. सगळ्यांनी वळून पाहिल्यावर त्याने कान तसाच सोडून हात खाली घेतला. विरुद्ध असेल त्याने करावा म्हटले, तेव्हाही कोणी केला नाही. मग शेठजींनी खांद्यावरचे उपरणे काढून मांडीवर पसरले. मंडळींच्या चेहऱ्यांवर एकदम सुटकेचा भाव आला. एकेक जण उठून पुढे जाऊन बसला, उपरण्याखाली हात घातला, हवापाण्याचे दोन शब्द बोलला आणि परत जागेवर आला. शेवटी शेठजींनी उपरणे घडी करून ठेवले आणि म्हणाले, “सगळ्यायचा होकार हाये.”

मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. इतके आश्चर्य वाटलेले लोक मी एकत्र पाहिले नव्हते. मी वहीत लिहिले: यापुढे सौदे उघड व्हावेत, असे एकमताने ठरले. आणि वही सहीसाठी फिरवली. सगळे म्हणाले, सही कशाला, शेठजींना सांगितले आहे. शेठजींना विचारले, कोण काय म्हणाले ते नावानिशी लिहू का? ते म्हणाले, उपरण्याखालचे मी कधी बाहेर सांगितलेले नाही, या वयात सुरुवात करणार नाही.

तरी ठराव झाला होता. त्याच बैठकीत मी चाचीची तक्रार मांडली. मुंबईच्या पेढीचा माणूस एव्हाना मुंबईला निघून गेला होता. दलाल हजर होता. शेठजींनी त्याला विचारले, मार्गशीर्षातल्या त्या सोमवारी तू हिचा माल ओला सांगितलास का?

दलाल उभा राहिला. मला वाटले होते, तो खोटे बोलेल. मी त्याची तयारी करून आलो होतो. तो खोटे बोलला नाही.

“शेठजी, तुमी मले काहीही इचारा, मी सांगीन,” तो म्हणाला. “पन उपरन्याखालचं नाई सांगनार. आज हिचं सांगितलं त उद्या तुमचं बी सांगीन. मंग माह्या हातात हात कोन देईन?”

सगळ्या माना एकदम हलल्या. त्या धर्मशाळेत असा एक माणूस नव्हता ज्याचे काही ना काही त्या दलालाच्या उपरण्याखाली पडलेले नव्हते. प्रत्येकाला आपापले आठवले असावे. तो खाली बसला तेव्हा शेजारच्याने त्याला पानाचा डबा पुढे केला.

तेव्हा पायरीवरून चाची बोलली. मोठ्याने नाही, पण आत ऐकू गेले.

“मी कोनाचा हात मागून नाई राहिली. तोंड मागून राहिली. माह्या मालाले ओला म्हननारा एक जन उभा राहू द्या. मी त्याच्या पाया पडीन आन् घरी जाईन.”

कोणी उभे राहिले नाही. म्हणजे तिचा माल ओला आहे असे म्हणणारा गावात कोणी नव्हता. कोरडा आहे असे म्हणणाराही नव्हता. एक जण पुटपुटला की बोजे आत्ता उघडून पाहू. दुसरा म्हणाला, महिना होत आला, आता काय, वाळला असेल. हे मात्र दोघेही तोंडाने बोलले.

शेठजींनी निवाडा दिला. ठराव झाला आहे, येत्या सोमवारी चाचीने माल बाजारात आणावा, भाव तोंडाने होईल. तक्रारीची सुनावणी चालू राहील.

सोमवारी ती आली. बैलगाडी सोडली, एक बोजा उघडून रुई चटईवर पसरली, स्वतः मागे बसली आणि आपला भाव सांगितला. बाजारात बाईचा आवाज भाव सांगतो आहे, हे पुष्कळांनी प्रथमच ऐकले असेल. लोक जमले. पुढे येऊन रुई बोटांत धरून पाहिली, ओढून धागा पाहिला, सवयीने मूठभर नमुना कमरेला खोचला. पण तोंड उघडेना. घेणारे उपरणे खांद्यावरून काढत, मग आठवण होऊन पुन्हा टाकत. एक जण आपल्या उपरण्याखाली आपलाच हात धरून उभा होता. भाव त्याला ठरवता आलेला दिसत होता, कोणाला सांगावा ते कळत नव्हते. पहिला प्रहर गेला. चाची मधून मधून भाव सांगे, आवाज न चढवता.

दुपारी बारदानवाला दुकान बंद करून आला.

“काहून उभे हा सगळे?” तो म्हणाला. “पोते माह्ये हायेत. पानी मारलं असतं त माह्या पोत्याले बुरशी आली असती. आली का? पाहा ना.” कोणी पाहिले नाही. तेव्हा त्याने चाचीला तोंडाने भाव विचारला, तोंडाने कमी केला, तिने तोंडाने वाढवला, आणि त्याने एक बोजा घेतला. त्याला कापसाचा व्यापार नव्हता. त्याने घरची गादी विकली होती आणि बायको त्याला तेव्हापासून रोज काहीतरी ऐकवत होती. मला वाटते, अमरावतीच्या बाजारातला तो पहिला उघड सौदा. तो एका पाठदुखीमुळे झाला.

त्यानंतर एक घेणारा आभाळाकडे पाहत काहीतरी पुटपुटला. चाची म्हणाली, “मोठ्यानं सांगा, भाऊ.” त्याने सांगितले. सांजेपर्यंत चार बोजे गेले. सहा घरी परत गेले. मी त्या संध्याकाळी खूश होतो. चार बोजे म्हणजे आरोप खोटा ठरल्यासारखेच आहे, असे मी तिला म्हणालो. तिने मला विचारले, दलालाने काही म्हटले का? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मग कसे ठरले?

पुढच्या सोमवारी मी बाजारात गेलो, तर सगळीकडे उपरणी पडलेली. मी वही काढून ठराव दाखवला. मला समजावून सांगण्यात आले की ठराव कोणीही मोडलेला नाही. ठराव चाचीच्या मालावरून झाला, म्हणून तो चाचीच्या मालाला लागू आहे. तिचे सौदे तोंडाने होतील, त्याला कोणाची हरकत नाही. आणखी एक महिना गेला आणि बाजारात नवी समजूत रूढ झाली: ज्याचा भाव तोंडाने सांगितला जातो त्या मालात काहीतरी खोट असते. एरवी कोण ओरडेल? एका शेतकऱ्याने घाईत दलालाला दोन शब्द मोठ्याने विचारले, तर घेणारा उठून गेला. माझ्या पत्रकातल्या शेवटच्या बारीक ओळीचे फळ हे.

मग लढाई संपली, भाव कोसळला, आणि गाद्यांत पुन्हा कापूस आला. ते सगळ्यांना ठाऊक आहे. सभा मात्र टिकली, आणि मी तिचा लेखक आहे, म्हणून तिचे श्रेय झाकणार नाही. विहीर झाली. मंदीच्या त्या वर्षी आसपासच्या बाजारांत गाड्या येईनाशा झाल्या तेव्हा आमच्याकडे येत होत्या, कारण पाणी होते आणि शेर एकच होता. शेठजींच्या भिंतीवर रोज भाव लिहिला जातो. पहिल्याच सकाळी कोणीतरी तांब्याभर पाण्याने तो धुऊन टाकला होता, पण आता धूत नाहीत, कारण धुणारालाही वाचायचा असतो. पूर्वी मुंबईचा भाव तीन माणसांच्या खिशात असे. आता तो मिरच्या विकणारी बाईही कोणाकडून तरी वाचून घेते. रेल्वेच्या साहेबाने अर्जाला उत्तर दिले; इतक्या सह्यांचा एकच अर्ज त्याने पाहिला नव्हता, असे त्यात होते. ज्यांना वाटते की लहान गावात व्यापाऱ्यांच्या सभेचा काय उपयोग, त्यांनी येऊन विहिरीचे पाणी प्यावे.

पण जिच्यासाठी मी हे सगळे सुरू केले तिच्या नावापुढे वहीत अजून ‘सुनावणी चालू’ असेच आहे. प्रत्येक बैठकीत मी ते वाचतो. प्रत्येक बैठकीत शेठजी मान हलवतात आणि पुढचा विषय घेतात. नऊ रेच्यांपैकी तीन चालतात. सहा बायका रेल्वेच्या मातीकामावर गेल्या. त्यांतल्या एकीने मला सांगितले, तिथे निदान मुकादम शिवी तोंडाने देतो. चाची दर सोमवारी येते, चटई टाकते, आपला भाव सांगते. तिची रुई आजही गावात सर्वांत स्वच्छ आहे. घेणारे ती रुई अंधार पडायच्या सुमारास नेतात, दुसऱ्याच्या भावाच्या खाली, आणि मुंबईला आपल्या उत्तम मालात वर घालून पाठवतात. हेही मी सिद्ध करू शकत नाही. मागच्या महिन्यात दलालाला रस्त्यात धरून विचारले, इतकी वर्षे झाली, आता तरी सांगा. तो माझ्याशी फार चांगले बोलला. चाचीची प्रकृती कशी आहे म्हणून विचारले. तिच्या हातची रुई म्हणजे रुई, असेही म्हणाला. मी म्हटले, हेच बैठकीत बोला. तो हसला आणि नमस्कार करून गेला.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक याच बाजारातले. तुमच्यातले पुष्कळजण पहिल्या उघड सौद्याच्या त्या सोमवारी तिथे होते; तुम्ही तिची रुई बोटांत धरली होती, काहींनी नमुना म्हणून मूठभर घरी नेली आणि तिच्या वाती वळल्या. ओल्या रुईच्या वाती वळत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही दलालाकडे बोट दाखवाल. त्याने निदान आपण सांगणार नाही हे तरी उभे राहून सांगितले. तुम्ही तेवढेही केलेले नाही. येत्या पौर्णिमेला तिसऱ्या प्रहरी धर्मशाळेत बैठक आहे. या. उपरणे घरी ठेवून या. चाची पायरीवर असेल, तिच्यासमोर उभे राहा, आपले नाव सांगा, आणि तिचा माल हातात धरलात तेव्हा कोरडा होता की ओला ते तोंडाने बोला. पाहिले नसेल तर ‘मी पाहिले नाही’ एवढेच बोला. तेही मोठ्याने. मी वही उघडून बसलेला असेन, आणि जो बोलेल त्याचे नाव लिहीन. जो येऊन गप्प बसेल त्याचेही.